जुन्या मोटारसायकलचा सेल्फ लागत नाही? एकही सुटा भाग बदलण्याआधी हे मोजा

बटण दाबलं, सीटखालून ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिन जागचं हललं नाही. यानंतर बहुतेक जणांचा क्रम ठरलेला असतो. आधी नवी बॅटरी येते, मग नवा रिले (मोटरीचा मोठा करंट जोडणारा विजेवरचा स्विच), मग सेल्फ मोटर खोलून कार्बन (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) बदलले जातात. एवढं करूनही गाडी तशीच उभी राहते, कारण दोष बॅटरीत, रिलेत किंवा मोटरीत नव्हताच. तो केबलच्या टोकाला, रंगाखाली किंवा हँडलवरच्या एखाद्या स्विचमध्ये दडलेला होता. यात पैसे जातातच, शिवाय नेमका बिघाड काय होता हेही कधी कळत नाही. काही महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

हा लेख १२ व्होल्टच्या, सेल्फ असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. आधी बिघाड शोधायचा, मग तो दुरुस्त करायचा आणि त्यानंतरच सुधारित भाग बसवायचे. हा क्रम मोडू नका. बिघाड असलेल्या वायरिंगवर नवा भाग बसवला, तर आता तपासायला एक भाग वाढला, एवढंच होतं.

## तयारी

वायरिंगचा नकाशा. आपल्या मॉडेलचा आणि नेमक्या वर्षाचा नकाशा मिळवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक वायरींचे रंग आणि स्विचांची जोडणी बदललेली असते. जपानी गाड्यांमध्ये अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणाऱ्या वायरीचा रंग कंपनीनुसार ओळखता येतो: होंडात हिरवा, यामाहात काळा, सुझुकीत काळ्यावर पांढरी पट्टी, कावासाकीत काळ्यावर पिवळी पट्टी. मात्र जुन्या गाडीला किती हात लागलेत हे सांगता येत नाही. रंग बघा, पण खात्री मीटरनेच करा.

साधनं. एक बरा डिजिटल मल्टिमीटर घ्या. त्याला मगरचिमटे असलेल्या लांब वायरी हव्यात, म्हणजे एक हात बटणावर ठेवून आकडा वाचता येईल. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेऊन त्याला दोन वायरी जोडून ठेवा. तो पावणेदोन अँपियर खेचतो, त्यामुळे वायर नुसती ‘जिवंत’ आहे की खरंच काम करण्याजोगी आहे, ते दाखवतो. याशिवाय पितळी ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक वही लागेल. जुन्या जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि खाच खाऊन टाकतो. त्या मापाचा एक ड्रायव्हर जरूर घ्या.

बॅटरी रात्रभर चार्ज करा आणि मग दोन तास तशीच ठेवा. अर्धवट चार्ज बॅटरीवर घेतलेला एकही आकडा भरवशाचा नसतो. नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पेट्रोलचा कॉक बंद करा. चाचणीत इंजिन फिरलं पाहिजे, पण सुरू व्हायला नको. त्यासाठी प्लगच्या टोप्या काढा, त्यात जादा प्लग घाला आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवा. सिलिंडरमधले प्लगही काढले असतील, तर हे जादा प्लग तिथल्या उघड्या भोकांपासून लांब ठेवा. टोप्या नुसत्या लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, इग्निशन युनिट जळू शकतं.

> सावधान: बॅटरी काढताना आधी ऋण केबल काढा आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडा. धन बाजूचा बोल्ट फिरवताना पाना चेसिसला टेकला आणि ऋण केबल जोडलेली असली, तर पाना जागेवर लाल होतो. अंगठी आणि धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा.

## टप्पा १: आवाज ऐका आणि बिघाडाची बाजू ठरवा

सेल्फच्या वायरिंगच्या दोन बाजू असतात. जाड केबलींची बाजू म्हणजे बॅटरी, रिले, मोटर आणि तिथून इंजिनावाटे परत बॅटरी. बारीक वायरींची बाजू म्हणजे फ्यूज, किल्ली, किल स्विच (इंजिन बंद करायचा हँडलवरचा स्विच), बटण, रिलेची कॉइल आणि क्लच-न्यूट्रलचे स्विच. बारीक बाजू रिलेला ‘ओढ’ असं सांगते आणि मग जाड बाजूतून खरा करंट वाहतो. बिघाड कोणत्या बाजूला आहे, ते आवाज सांगतो.

- काहीच आवाज नाही: बारीक बाजू बघा.
- एकच ठाशीव ‘टक्’ आणि शांतता: रिले ओढतोय. जाड बाजू किंवा मोटर बघा.
- चटचटचट असा भराभर आवाज: रिले लागतो, लागताच व्होल्टेज कोसळतं, म्हणून सुटतो आणि परत लागतो. बॅटरी किंवा तिचे जोड बघा.
- इंजिन रेंगाळत फिरतं: जाड बाजू, बॅटरी किंवा मोटर.
- मोटर घुर्र फिरते पण इंजिन हलत नाही: वन-वे क्लच (मोटरीचं फिरणं इंजिनाला देणारा भाग) किंवा गिअर. हा वायरिंगचा दोषच नाही, इथेच थांबा आणि ती बाजू खोला.
- बटण सोडलं तरी सेल्फ थांबत नाही: रिलेचे संपर्क आतून चिकटलेत. किल्ली बंद करून उपयोग होत नाही, लगेच बॅटरीची केबल काढा. हा रिले पुन्हा वापरू नका.

‘बटण दाबलं की हेडलाइट विझतो, म्हणजे बॅटरी गेली’ हा निष्कर्ष फार जण काढतात. पण कित्येक गाड्यांमध्ये सेल्फचं बटणच हेडलाइटचा पुरवठा मुद्दाम तोडतं, सगळा करंट मोटरला मिळावा म्हणून. तेव्हा हेडलाइटकडे बघू नका, न्यूट्रलच्या दिव्याकडे बघा. तो किंचित मंद झाला तर ठीक. पार विझला, तर व्होल्टेज खरंच कोसळतंय.

आवाजावरून नक्की कळत नसेल, तर एका चाचणीत दोन्ही बाजू वेगळ्या करता येतात. रिलेचं बारीक वायरींचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा. रिलेच्या एका पिनेला बॅटरीच्या ऋण टोकावरून वायर द्या, दुसऱ्या पिनेला धन टोकावरून. मोटर जोमात फिरली, तर जाड बाजू ठणठणीत आहे आणि दोष बारीक बाजूत आहे. रिले टक् करूनही मोटर फिरली नाही, तर दोष जाड बाजूत किंवा मोटरीत आहे.

> सावधान: या चाचणीत क्लच आणि न्यूट्रलचे सुरक्षा स्विच वगळले जातात. आधी गाडी हाताने पुढेमागे ढकलून ती खरोखर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवण्याची पद्धत मात्र सोडून द्या. ठिणगी पेट्रोलच्या टाकीखालीच उडते.

## टप्पा २: बॅटरी, काम करताना

स्थिर बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडं जास्त असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. नुकतंच चार्जिंग झालं असेल तर वरवरचं व्होल्टेज फसवतं. मिनिटभर हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

पण स्थिर आकड्यावर बॅटरी पास करू नका. मीटरच्या टोच्या बॅटरीच्या थेट टोकांवर धरा आणि सेल्फ मारा. फिरवताना आकडा १० व्होल्टच्या आसपास किंवा वर टिकला पाहिजे. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी संशयित.

संशयित म्हटलं, दोषी म्हटलं नाही. मोटर आतून अडकत असेल किंवा आर्मेचर (मोटरीचा फिरणारा भाग) शॉर्ट असेल, तरी ती इतका करंट खेचते की चांगली बॅटरीही कोसळते. दुसऱ्या, चांगल्या असल्याची खात्री असलेल्या बॅटरीवर हीच चाचणी करा. ती टिकली तर तुमची बॅटरी गेली, तीही कोसळली तर मोटर खोलायची आहे. चाचणीसाठी चारचाकीच्या बॅटरीचा आधार घेतलात, तर त्या गाडीचं इंजिन बंदच ठेवा.

एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान १० सेकंद थांबा. तपासताना भान राहत नाही आणि त्यातच मोटर जळते.

## टप्पा ३: जाड बाजू, व्होल्टेज कुठे गळतंय?

सगळ्या लेखातली कामाची पायरी हीच, आणि चुकीची केली जाते तीही हीच.

केबल चांगली आहे का हे बघायला बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना टेकवतात. मीटर ‘०’ दाखवतो आणि केबल पास होते. पण ओहम मोजताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. केबलच्या शंभर तारांपैकी दोनच शाबूत असल्या, तरी तेवढा करंट आरामात जातो. मोटरीला मात्र कित्येक दहा अँपियर लागतात, मोठ्या इंजिनाला तर शंभराच्या पुढे. समजा एका गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहम अडथळा आहे. साधा मीटर हा आकडा धड वाचूही शकत नाही. पण ८० अँपियर वाहू लागले की त्याच जोडात १.६ व्होल्ट खाल्ले जातात. म्हणून केबल भाराखालीच मोजायची, म्हणजे सेल्फ मारत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते बघायचं.

मीटर व्होल्टवर ठेवा आणि या क्रमाने मोजा. प्रत्येक वेळी सेल्फ दोन-तीन सेकंद मारा.

1. बॅटरीचं धन टोक ते मोटरीवरचा बोल्ट: ०.५ व्होल्टपेक्षा कमी हवं.
2. बॅटरीचं ऋण टोक ते मोटरीचं शरीर: ०.३ पेक्षा कमी. ०.२ च्या आत असेल तर उत्तम.

हे दोन्ही आकडे ठीक असतील, तर जाड बाजू निर्दोष आहे आणि टप्पा ५ ला मोटरीकडे वळा. पहिला आकडा जास्त आला, तर त्याचे तुकडे करा:

3. बॅटरीचं धन टोक ते रिलेचा बॅटरीकडचा बोल्ट: ०.१ ते ०.२.
4. रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये: ०.३ च्या आत.
5. रिलेचा मोटरीकडचा बोल्ट ते मोटरीचा बोल्ट: ०.१ ते ०.२.

दुसरा आकडा जास्त आला, तर ऋण टोक ते इंजिनाचं आवरण आणि आवरण ते मोटरीचं शरीर असं वेगवेगळं मोजा.

टोच बॅटरीच्या शिशाच्या टोकावर धरा, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही. लगवर धरलीत, तर टोक आणि लग यांच्यातला जोड चाचणीतून निसटतो आणि दोष नेमका तिथेच असतो.

> तपासणी: पहिल्या आणि चौथ्या मापात बटण दाबण्याआधी मीटर पूर्ण १२.६ दाखवेल. घाबरू नका. रिले उघडा आहे, म्हणून तसं दिसतं. आकडा फक्त सेल्फ मारतानाचा वाचा. रिलेने टक् केल्यावरही चौथ्या मापात १२ च्या आसपासच राहिलं, तर रिलेचे आतले संपर्क जळालेत.

आणखी एक फसवा प्रसंग लक्षात ठेवा. मोटर फिरत नाही, सगळीकडे गळती शून्य आणि बॅटरी १२.६ वर निवांत. याचा अर्थ वायरिंग उत्तम आहे असा लगेच घेऊ नका. करंटच वाहत नसेल तर गळतीही दिसणार नाही. कुठेतरी मार्ग पूर्ण तुटलाय आणि पूर्ण व्होल्टेज त्या तुटलेल्या जागेच्या दोन बाजूंना उभं आहे. पाचही मापांत ते सापडलं नाही, तर ते मोटरीच्या आत आहे. बहुधा कार्बन अडकलाय किंवा झिजून संपलाय.

माझ्याकडे एक जुनी दोन सिलिंडरची गाडी होती, नुकतंच इंजिन बांधून, रंगवून आलेली. तिच्यावर दोन बॅटऱ्या आणि एक रिले बदलून झाले होते. ऋण टोक ते इंजिनाचं आवरण मोजलं, तर सेल्फ मारताना २ व्होल्टच्या वर आकडा. अर्थच्या केबलचा लग चकचकीत काळ्या रंगावर नीट आवळलेला होता. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता. लगखालची नाण्याएवढी जागा खरवडून उघडी केली, दातेरी वॉशर घातला आणि पुन्हा आवळलं. आकडा ०.१ वर आला. त्या गाडीला इतर काहीच झालं नव्हतं.

दुरुस्ती: दोष सापडलेला जोड पूर्ण सोडा. लग, बोल्ट आणि बसण्याची जागा तिन्ही पितळी ब्रशने चमकवा, आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा पातळ थर द्या. ग्रीस वीज वाहून नेत नाही. त्याचं काम ओल बाहेर ठेवायचं, म्हणून ते धातूंच्या मध्ये थापायचं नसतं. लगच्या तोंडाशी केबल कडक लागत असेल किंवा आत हिरवट पूड दिसत असेल, तर केबल स्वच्छ करत बसू नका, बदला. गंज आवरणाखाली आतवर गेलेला असतो.

## टप्पा ४: बारीक बाजू

रिलेचं कपलर जोडलेलंच ठेवा आणि मागून टोच घालून मोजा. काळी टोच बॅटरीच्या ऋण टोकावर. किल्ली चालू, किल स्विच चालू बाजूला, गाडी न्यूट्रलमध्ये, बटण दाबलेलं. रिलेच्या दोन बारीक वायरींपैकी एकीवर बॅटरीइतकं आणि दुसरीवर जवळपास शून्य व्होल्टेज यायला हवं.

- दोन्हींवर शून्य: धन येतच नाही. फ्यूज, किल्ली, किल स्विच, बटण असं मागे मागे जा.
- दोन्हींवर १२: धन येतंय, अर्थ मिळत नाही. न्यूट्रल स्विच, क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बघा.
- एकीवर १२, दुसरीवर ०, तरी टक् नाही: रिलेची कॉइल तुटली. कपलर काढून कॉइल मोजा, साधारण ३ ते ६ ओहम असते.
- दोन वायरींमध्ये मिळून ८-९ व्होल्टच: वाटेतला एखादा स्विच व्होल्टेज खातोय. अशाच गाड्या सकाळी लागतात आणि दुपारी लागत नाहीत.

ही मांडणी बटण धन बाजूला असलेल्या गाड्यांची आहे. काही गाड्यांत बटण अर्थ बाजूला असतं, तर काही रिलेंना एकच बारीक वायर असते आणि अर्थ रिलेच्या शरीरातून मिळतो. म्हणून नकाशा शेजारी हवा.

शेवटच्या प्रकारात बहुतेक वेळा किल स्विच किंवा सेल्फचं बटण दोषी निघतं. रिलेची कॉइल तीनेक अँपियर खेचते आणि हा सगळा करंट त्या बारक्या संपर्कांतून जातो. वर्षानुवर्षांचं ग्रीस आत मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि तांब्यावर काळा थर चढलेला असतो. हँडलवरचा डबा उघडताना तो मोठ्या पारदर्शक पिशवीत धरून उघडा. आतली बारकी स्प्रिंग आणि गोळी उडाली, तर परत मिळत नाही. प्रत्येक पायरीला फोटो काढा. कॉन्टॅक्ट क्लीनरने जुनं ग्रीस धुवा, संपर्क पॉलिश पेपरने हलकेच उजळा आणि नवं ग्रीस अगदी थोडं लावा.

न्यूट्रलच्या बाबतीत एक चूक हमखास होते. ‘न्यूट्रलचा दिवा लागतोय, म्हणजे स्विच चांगला आहे’ असं धरलं जातं. दिव्याला पाव अँपियरच्या आसपास करंट पुरतो, रिलेला त्याच्या दहापट लागतो. अर्धा मेलेला स्विच दिवा लावतो, पण रिले ओढू शकत नाही. इथे २१ वॅटचा बल्ब वापरा. बल्बची एक वायर बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी रिलेच्या अर्थ बाजूच्या वायरीला. न्यूट्रलमध्ये बल्ब पूर्ण प्रखर लागला पाहिजे. मिणमिणला तर स्विच किंवा वाटेतला जोड साफ करा.

डायोडची खूण सोपी आहे. गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबला आणि न्यूट्रलचा दिवा लागला, तर डायोड शॉर्ट झालाय. क्लच दाबून सेल्फ लागतो पण न्यूट्रलमध्ये लागत नाही, तर न्यूट्रलच्या वाटेवरचा डायोड तुटलाय किंवा स्विच गेलाय. काढून मोजलं तर एका दिशेने ०.५ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच नाही, असं यायला हवं.

> सावधान: क्लचचा किंवा साइड स्टँडचा स्विच कायमचा जोडून टाकू नका. गिअरमध्ये बटण दाबलं गेलं तर गाडी उडी मारते, आणि पुढे माणूस असू शकतो.

## टप्पा ५: मोटर खोलायची वेळ आली तर

इथवरची सगळी मापं ठीक असतील तरच मोटर काढा.

मोटरीच्या बोल्टवरची बाहेरची नट सोडताना आतली नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. बोल्ट फिरला तर आतला कार्बनचा धरता मोडतो. शरीर आणि दोन्ही झाकणं यांवर रेघ मारून ठेवा, म्हणजे ती त्याच कोनात परत बसतील. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने तारेत ओवा. इन्सुलेशनचा एखादा वॉशर मागेपुढे झाला, तर मोटर आतून शॉर्ट होते.

कार्बनची लांबी मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडून बघा. ते खोबणीत मोकळे सरकतात का, स्प्रिंगला जोर आहे का, तेही बघा. कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने फिरवत साफ करा. एमरी कागद मात्र नको, त्याचे कण खाचांत अडकून पट्ट्या शॉर्ट करू शकतात. पट्ट्यांमधल्या खाचा काडीने कोरून मोकळ्या करा. मग मीटर लावा: कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये मार्ग मिळाला पाहिजे, पट्टी आणि शाफ्ट यांच्यात कधीही मिळता कामा नये. मिळाला तर आर्मेचर बाद.

परत बसवताना मोटर इंजिनावर जिथे टेकते, ती जागा रंगविरहित ठेवा. मोटरीचा अर्थ तिथूनच जातो.

## टप्पा ६: नवे जोड कसे करायचे

तारा पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नव्हे. उन्हात डिंक वितळतो, टेप सुटते आणि ओल आत शिरते. पूर्ण सोल्डर केलेला जोडही हलणाऱ्या गाडीवर तितकासा भरवशाचा नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं, तिथे कडक वायर हादऱ्यांनी तुटते. योग्य मापाची उघडी पिन आणि तिच्याच मापाचा क्रिंपर (पिन दाबून बसवायची पक्कड) वापरा. आधी तारांवर, मग वायरीच्या आवरणावर अशी दोन्ही कानं दाबा. जोडलेली वायर हाताने जोरात ओढून बघा. निघाली तर बरंच झालं, रस्त्यात निघाली असती. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा.

## टप्पा ७: सुधारणा, एका वेळी एकच

मूळ वायरिंग आकड्यांत बसली की मगच इकडे या. प्रत्येक बदलानंतर टप्पा २ आणि ३ ची मापं पुन्हा घ्या. एका रविवारी पाच भाग बदलले आणि गाडी बंद पडली, तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा केबली. मूळ केबल बारीक असेल, तर १६ चौरस मिलिमीटरची लवचिक, शुद्ध तांब्याची केबल बहुतेक गाड्यांना पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल टाळा. सोबत बॅटरीच्या ऋण टोकावरून थेट इंजिनापर्यंत एक अर्थ द्या. माझ्या मते जुन्या गाडीवर यापेक्षा मोलाची सुधारणा दुसरी नाही, आणि लोक ती सर्वांत शेवटी करतात.

मग फ्यूज. काचेच्या जुन्या फ्यूजचा धरता सैल होऊन तापतो. त्याजागी पात्याचा फ्यूज बसवा, पण अँपियर तेवढेच ठेवा. फ्यूज वायरीला वाचवतो. मोठा घातला तर त्याच्याऐवजी वायर जळते.

हेडलाइटसाठी रिले. बॅटरीवरून फ्यूजसह थेट पुरवठा, आणि जुना स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. प्रकाश वाढतो आणि किल्लीच्या जुन्या संपर्कांवरचा ताण उतरतो.

रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं युनिट. आधी अल्टरनेटरचा (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागाचा) प्रकार ओळखा. कायम चुंबकाचा असेल, तर नवं युनिट सहसा बसवता येतं. करंट देऊन चुंबक तयार करणारा असेल, तर त्याच पद्धतीचं युनिट लागतं, दुसरं जोडून चालत नाही. मॉस्फेटचं शंट (जादा वीज शॉर्ट करून परतवणारं) युनिट स्वतः कमी तापतं, पण जादा वीज स्टेटरमधूनच (अल्टरनेटरच्या स्थिर गुंडाळ्यांमधूनच) फिरत राहते. स्टेटरचा ताप कमी करायचा तर सीरिज प्रकारचं (नको तेव्हा पुरवठाच तोडणारं) युनिट घ्या. बसवल्यावर मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

लिथियम बॅटरी रेग्युलेटरनंतरच. चार्जिंग १४.५ च्या पलीकडे भरकटत असेल तर ती टिकणार नाही. तिचं स्थिर व्होल्टेज १३.२ च्या आसपास असतं, म्हणून शिशाच्या बॅटरीचे आकडे तिला लावू नका. १२.८ दिसले तर ती भरलेली नाही, बरीच रिकामी आहे. शिशाच्या बॅटरीचा, सल्फेट काढण्याची सोय असलेला चार्जरही तिला लावायचा नाही.

एलईडी सर्वांत शेवटी. इंडिकेटरला एलईडी घातले की फ्लॅशरही बदला, नाहीतर ते भराभर लुकलुकतात किंवा लुकलुकतच नाहीत. चार्जिंगच्या इशाऱ्याचा बल्ब मात्र नकाशा बघितल्याशिवाय बदलू नका. बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सर गाड्यांमध्ये अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. तिथे एलईडी घातला, तर चार्जिंग सुरूच होत नाही.

## टप्पा ८: शेवटची पडताळणी

इंजिन सुरू असताना हँडल डावीकडे आणि उजवीकडे टोकापर्यंत वळवा. इंजिन अडखळलं किंवा दिवे लवले, तर हँडलच्या मानेजवळ वायरी ताणल्या जातायत.

किल्ली बंद करून ऋण केबल सोडा आणि मीटर अँपियरवर ठेवून मध्ये जोडा. घड्याळ किंवा अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य हवा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज तत्काळ उडेल.

मग गाडी अर्धा तास चालवून आणा आणि इंजिन गरम असतानाच टप्पा ३ ची पहिली दोन मापं पुन्हा घ्या. तापलेल्या केबलचा आणि जोडांचा अडथळा वाढतो. थंड गाडीवर ठीक दिसलेला सैल जोड आता जास्त आकडा दाखवू शकतो. गरम मापंही ठीक आली, तर ती तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेल्फ रेंगाळला, तर आधी हीच दोन मापं घेऊन या आकड्यांशी ताडून बघा.